कमी बँडविड्थवरून मोठा डेटाबेस क्लाउडवर नेण्याची क्रमवार पद्धत

डेटाबेस चार टेराबाइटचा, अपलोडसाठी हाती येणारा वेग वीस मेगाबिट आणि सेवा बंद ठेवायला परवानगी फक्त तासाभराची. अशा वेळी बहुतेक जण आधी डंप (डेटाबेसची फाइलमध्ये उतरवलेली पूर्ण प्रत) घेतात, तो पाठवायला लावतात आणि 'मधल्या काळातले बदल नंतर बघू' म्हणतात. घोळ तिथेच सुरू होतो. डंप पोहोचेपर्यंत मधल्या बदलांचे लॉग (डेटाबेस प्रत्येक बदल क्रमाने लिहून ठेवतो त्या फायली) मूळ सर्व्हरवरून पुसले गेलेले असतात, किंवा डंप नेमका कुठल्या क्षणाचा आहे हेच कुठे लिहिलेले नसते. मग सगळे पहिल्यापासून.

लाइन अरुंद असली की कामाचा क्रम चुकवून चालत नाही. बदल जपून ठेवण्याची व्यवस्था आधी, त्या व्यवस्थेतल्या एका पक्क्या बिंदूवरची प्रत नंतर आणि पाठवणी त्याच्याही नंतर. खालचे टप्पे याच क्रमाने आहेत. उदाहरणे मुख्यतः पोस्टग्रेएसक्यूएल आणि मायएसक्यूएलची आहेत. एसक्यूएल सर्व्हर आणि ओरॅकलमध्ये वेगळे वागावे लागते तिथे तसे सांगितले आहे.

## टप्पा १: आकडे काढा

नेटवर्कचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट, दिवसाला जेमतेम १ टेराबाइट. तेही अख्खी लाइन तुमच्याच वाट्याला आली तर. आठपटीची ही गफलत अजूनही वेळापत्रकांत सापडते, म्हणून आधी सगळे आकडे एकाच एककात आणा.

वेग मोजताना ब्राउझरमधल्या स्पीड टेस्टवर विसंबू नका. ती काही सेकंदच चालते, जवळच्या सर्व्हरशी बोलते, आणि बघणाऱ्याचे लक्ष डाउनलोडच्या आकड्याकडे जाते. डेटाबेस क्लाउडच्या ज्या रीजनमध्ये (डेटासेंटरच्या ठिकाणी) जाणार तिथे एक छोटा सर्व्हर उभा करा आणि आयपर्फ३ या वेग मोजणाऱ्या साधनाने अपलोड मोजा. कामाच्या वेळेत मोजा, रात्रीही मोजा, दर वेळी निदान अर्धा तास. रात्री लाइन मोकळी असते असे गृहीत धरू नका, कारण ऑफसाइट बॅकअप बहुधा त्याच वेळी त्याच लाइनवरून जात असतो.

एका कनेक्शनवर वेग फारच कमी दिसला तर दोष अंतराचा असू शकतो. टीसीपीची विंडो (पोच येण्याआधी एका दमात पाठवता येणारा डेटा) ६४ किलोबाइटवर अडकली असेल आणि जाऊन-येऊन २०० मिलिसेकंद लागत असतील, तर लाइन कितीही रुंद असो, एका कनेक्शनवरून सेकंदाला सुमारे ३२० किलोबाइटच जातात. विंडो स्केलिंग (विंडो मोठी करण्याची सोय) चालू आहे का ते पाहा आणि चार ते आठ समांतर कनेक्शनने पुन्हा मोजा.

आता तीन आकडे कागदावर मांडा: दाबल्यानंतर (कॉम्प्रेस केल्यावर) पाठवायचा आकार, भरवशाचा सरासरी वेग आणि दिवसाला तयार होणारा लॉग. तिसरा आकडा बरेच जण काढतच नाहीत, आणि योजना टिकणार की नाही हे तोच ठरवतो. निदान आठवडाभराचे लॉग मोजा. महिनाअखेरीस मोठे जॉब चालत असतील तर ते दिवस वेगळे मोजा.

उदाहरण घेऊ. डिस्कवर ४ टेराबाइट दिसणारा डेटाबेस इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या याद्या) आणि मोकळी पडलेली जागा वगळून, दाबून ८०० गिगाबाइटवर आला. २० मेगाबिटने दिवसाला २१६ गिगाबाइट जातात, म्हणजे पाठवणीला ३.७ दिवस. क्लाउडमध्ये भरायला आणि इंडेक्स बांधायला आणखी एक दिवस धरा. रोजचा लॉग ६० गिगाबाइट असेल तर या ४.७ दिवसांत सुमारे २८२ गिगाबाइट बदल साठतात. ते पाठवत असताना रोज नवे ६० येतच राहतात, त्यामुळे थकबाकी दिवसाला १५६ गिगाबाइटनेच कमी होते आणि ती फिटायला १.८ दिवस लागतात. एकूण साधारण साडेसहा दिवस. तोच डेटाबेस आहे तसा, न दाबता पाठवला असता तर नुसत्या पहिल्या प्रतीलाच साडेअठरा दिवस लागले असते.

पोस्टग्रेएसक्यूएलच्या लॉगमध्ये इंडेक्सचे बदल आणि पूर्ण पानांच्या प्रतीही असतात. लॉजिकल रेप्लिकेशनमध्ये (ओळींतले बदल सतत दुसऱ्या डेटाबेसवर नेण्याच्या पद्धतीत) लाइनवरून जाणारा डेटा सहसा त्याहून कमी भरतो. तरी हिशेब लॉगच्या पूर्ण आकारावरच करा, कारण मूळ सर्व्हरच्या डिस्कवर जागा तेवढीच लागणार आहे.

तपासणी: रोजचा लॉग रोजच्या पाठवणी-क्षमतेच्या निम्म्याच्या आत आहे का? तो क्षमतेइतका किंवा जास्त असेल तर नवा डेटाबेस जुन्याला कधीच गाठणार नाही. मग सेशन, रांगा, तात्पुरत्या नोंदी असली सतत बदलणारी टेबले रेप्लिकेशनमधून वगळता येतील का ते बघा. ते जमत नसेल तर थोड्या दिवसांसाठी जास्त बँडविड्थ विकत घ्या. तिसरा उपाय नाही.

## टप्पा २: नेटवर्क की उपकरण, हे ठरवा

एडब्ल्यूएस स्नोबॉल, अझूर डेटा बॉक्स, गूगलचे ट्रान्सफर अप्लायन्स अशी उपकरणे डेटा भरून पाठवता येतात. ती तुमच्या देशात आणि तुमच्या खात्याला मिळतात का हे सर्वांत आधी विचारून घ्या. अशा सेवांच्या अटी बदलत असतात.

उपकरण फक्त पहिली प्रत नेते. ते वाटेत असताना होणारे बदल नेटवर्कवरूनच जाणार, त्यामुळे वरची तपासणी उपकरण वापरूनही चुकत नाही. उलट वाहतुकीचे दिवस धरून लॉग आणखी जास्त काळ जपावा लागतो. हिशेब दोन आठवड्यांच्या आत बसत असेल तर माझा कल नेटवर्ककडेच असतो. बिघडलेला तुकडा काही मिनिटांत पुन्हा पाठवता येतो. उपकरणावरची प्रत बिघडलेली निघाली तर पूर्ण फेरी पुन्हा करावी लागते.

## टप्पा ३: मूळ सर्व्हर तयार करा

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच उरकला जातो. इथे दिलेला वेळ पुढे दुपटीने परत मिळतो.

लॉग किती दिवस टिकतात. मायएसक्यूएल ८.० मध्ये बायनरी लॉग मुळात ३० दिवस (२५,९२,००० सेकंद) राहतात, पण डिस्क वाचवण्यासाठी ही मुदत दोन-तीन दिवसांवर आणलेली बऱ्याच ठिकाणी दिसते. हिशेबातल्या एकूण दिवसांच्या दुप्पट मुदत ठेवा. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये अडचण उलटी असते. तिथे रेप्लिकेशन स्लॉट (लॉग कुठपर्यंत वाचला गेला याची खूण) तयार झाला की वाचला जाईपर्यंत लॉग पुसलाच जात नाही, आणि डिस्क भरली की मूळ सर्व्हर थांबतो. आवृत्ती १३ पासून 'मॅक्स स्लॉट डब्ल्यूएएल कीप साइझ' ही मर्यादा घालता येते (डब्ल्यूएएल म्हणजे पोस्टग्रेएसक्यूएलचा लॉग). तिने सर्व्हर वाचतो, पण मर्यादा ओलांडली की स्लॉट निकामी होतो आणि काम पहिल्या पायरीवर येते. वरच्या उदाहरणात ६० गिगाबाइट गुणिले १३ दिवस, म्हणजे सुमारे ८०० गिगाबाइट मोकळी डिस्क आधीच जोडून ठेवा आणि ती ७० टक्के भरली की इशारा येईल अशी सोय करा.

रीस्टार्ट. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये डब्ल्यूएएलची पातळी 'लॉजिकल' करायला सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो. ही परवानगी मायग्रेशनच्या आठवड्यात मागू नका, आधीच्या नियमित देखभालीत उरका.

प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारा रकाना). ज्या टेबलांना ती नाही त्यांची यादी काढा. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये असे टेबल पब्लिकेशनमध्ये (पाठवायच्या टेबलांच्या यादीत) घेतले आणि त्याची रेप्लिका आयडेंटिटी (बदललेली ओळ कशावरून ओळखायची ते) ठरवली नाही, तर त्यावरचे अपडेट आणि डिलीट मूळ सर्व्हरवरच एरर देऊ लागतात. म्हणजे चालू असलेली सेवा बंद पडते. आयडेंटिटी 'फुल' करून वेळ मारून नेता येते, पण मोठ्या टेबलावर बदल लागू होण्याचा वेग कोसळतो. जमेल तिथे प्रायमरी की घाला.

टेबलांची रचना गोठवा. पोस्टग्रेएसक्यूएलचे लॉजिकल रेप्लिकेशन रचनेतले बदल नेत नाही. मायएसक्यूएलमध्ये डंप चालू असताना कुणी टेबलाची रचना बदलली तर डंप अपयशी ठरतो किंवा विसंगत निघतो. डेव्हलपर टीमला तारखा लेखी कळवा, आणि डिप्लॉयमेंटमधून आपोआप चालणारे रचना-बदलही बंद ठेवा.

अ‍ॅप्लिकेशन कुठे राहणार? डेटाबेस क्लाउडमध्ये आणि अ‍ॅप्लिकेशन जुन्याच जागी राहणार असेल तर एका स्क्रीनमागे किती क्वेरी जातात ते मोजा. एकामागून एक २०० क्वेरी आणि प्रत्येकीला ४० मिलिसेकंद, म्हणजे नुसते वाट पाहण्यात ८ सेकंद. हे मायग्रेशननंतर कळले तर परत फिरण्याखेरीज मार्ग उरत नाही, तेव्हा अ‍ॅप्लिकेशनही त्याच दिवशी हलवण्याची तयारी ठेवा.

## टप्पा ४: ओझे कमी करा

फायली जशाच्या तशा उचलल्या तर इंडेक्स आणि टेबलांतली मोकळी जागाही सोबत येते. लॉजिकल डंपमध्ये इंडेक्सची फक्त व्याख्या जाते आणि इंडेक्स पलीकडे नव्याने बांधला जातो. अरुंद लाइनवर हा मोठा फायदा आहे. शिवाय क्लाउडमधल्या व्यवस्थापित डेटाबेस सेवा बऱ्याचदा डेटाच्या कच्च्या फायली स्वीकारतच नाहीत.

टेबलांत साठवलेली छायाचित्रे आणि पीडीएफ आधीच दाबलेली असतात; ती आणखी दबत नाहीत. अशी टेबले हिशेबात वेगळी धरा, नाहीतर दाबल्यानंतरचा अंदाज फसतो. सर्वांत मोठ्या टेबलातला दहा गिगाबाइटचा नमुना घेऊन झेडस्टँडर्ड या दाबणाऱ्या साधनाच्या दोन-तीन पातळ्या चालवून बघा. लाइन सेकंदाला अडीच मेगाबाइटच नेणार असेल तर प्रोसेसरला भरपूर उसंत असते. अशा वेळी नेहमीपेक्षा वरची पातळी परवडते.

सावधान: पीजी-डंपचा (पोस्टग्रेएसक्यूएलच्या डंप घेणाऱ्या साधनाचा) डिरेक्टरी फॉरमॅट मुळातच दाबलेला असतो, त्यामुळे त्यावर पुन्हा झेडस्टँडर्ड चालवून काहीच मिळत नाही. एकतर मूळची दाबणी बंद करा किंवा आवृत्ती १६ पासून पीजी-डंपलाच झेडस्टँडर्ड वापरायला सांगा. आणि क्रम लक्षात ठेवा: आधी दाबा, मग एन्क्रिप्ट करा. एन्क्रिप्ट केलेला डेटा दबत नाही. ओरॅकलमध्ये डेटा पंप या निर्यात साधनाची डेटा दाबण्याची सोय वेगळ्या परवान्यात येते, तो नसेल तर बाहेरून दाबा.

## टप्पा ५: पक्क्या बिंदूवरची प्रत घ्या

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. प्रतीला एक बिंदू हवा: या क्षणापर्यंतचे सगळे प्रतीत आहे आणि यानंतरचे सगळे लॉगमध्ये आहे.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये आधी लॉजिकल स्लॉट तयार करा आणि त्याच वेळी मिळालेला स्नॅपशॉट (त्या क्षणाचे डेटाचे चित्र) पीजी-डंपला द्या. एक बारकावा आहे. स्नॅपशॉट रेप्लिकेशन प्रोटोकॉलवरून स्लॉट तयार केला तरच निर्यात होतो. नेहमीच्या एसक्यूएल फंक्शनने केलेल्या स्लॉटबरोबर तो मिळत नाही. शिवाय डंप तो स्नॅपशॉट उचलेपर्यंत स्लॉट तयार करणारे सेशन उघडे ठेवावे लागते. मायएसक्यूएलमध्ये डंप एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घ्या आणि बायनरी लॉगमधली जागा डंपमध्येच लिहिली जाईल असा पर्याय द्या. ही सुसंगती फक्त इनोडीबी (मायएसक्यूएलचा नेहमीचा साठवण-प्रकार) टेबलांना मिळते. मायआयएसएएम टेबले राहिली असतील तर ती आधी बदलून घ्या. ओरॅकलमध्ये डेटा पंपला एससीएन (बदलांचा अनुक्रमांक) द्या. एसक्यूएल सर्व्हरमध्ये दाबलेला पूर्ण बॅकअप, मग डिफरेन्शियल (पूर्ण बॅकअपनंतरच्या बदलांचा), मग लॉग बॅकअप असा क्रम असतो. मध्येच दुसऱ्या जॉबने साधा पूर्ण बॅकअप घेतला तर डिफरेन्शियलचा पाया बदलतो, म्हणून तो जॉब 'कॉपी ओन्ली'वर टाका.

डंप थेट लाइनवरून पाठवू नका. आधी स्थानिक डिस्कवर उतरवा. थेट पाठवल्यास डंपचे ट्रान्झॅक्शन चार दिवस उघडे राहते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये तेवढा काळ व्हॅक्यूमला मेलेल्या ओळी काढता येत नाहीत, इनोडीबीमध्ये अन्डूचा इतिहास फुगत जातो आणि ओरॅकलमध्ये 'स्नॅपशॉट टू ओल्ड' येऊन निर्यात मधेच तुटू शकते. स्थानिक डिस्कवर हेच काम काही तासांत होते. त्यासाठी तात्पुरती डिस्क घ्यावी लागली तर घ्याच.

तपासणी: प्रतीचा बिंदू, म्हणजे स्लॉटचे नाव, लॉगमधली जागा, जीटीआयडी (मायएसक्यूएलचा ट्रान्झॅक्शन-क्रमांक) किंवा एससीएन, वेळेसह लिहिलेला आहे का? त्या बिंदूपासूनचे लॉग अजून जागेवर आहेत का? दोन्हींचे उत्तर 'हो' असल्याखेरीज एकही बाइट पाठवू नका.

## टप्पा ६: तुकडे करा आणि पाठवा

एकच ८०० गिगाबाइटची फाइल पाठवणे म्हणजे लाइन तुटण्याची वाट पाहणे. एक-दोन गिगाबाइटचे तुकडे करा. २० मेगाबिटवर १ गिगाबाइटला सुमारे सात मिनिटे लागतात, म्हणजे लाइन तुटली तरी नुकसान तेवढेच. प्रत्येक तुकड्याचा एसएचए-२५६ (फाइल जरा बदलली तरी बदलणारा ठसा) काढून एका यादी-फाइलमध्ये लिहा आणि ती यादी सर्वांत आधी पाठवा.

तुकडे लक्ष्य डेटाबेसच्याच रीजनमधल्या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (क्लाउडमधल्या फायलींच्या साठ्यात) टाका. चार-सहा समांतर अपलोड पुरतात.

वेगाला मर्यादा घाला. न घातल्यास कामाच्या वेळेत सगळ्यांचे कॉल अडखळतात आणि नेटवर्क टीम तुमचा जॉब मारते. आरक्लोन या फायली पाठवणाऱ्या साधनाला दिवसा कमी आणि रात्री पूर्ण असे वेळापत्रक देता येते. फक्त आरक्लोन आणि आरसिंक दोन्हींत ही मर्यादा बाइटमध्ये असते, बिटमध्ये नव्हे; '२० मेगा' लिहिलेत तर मर्यादा १६० मेगाबिटच्या पुढे जाते, म्हणजे नसल्यासारखीच.

तपासणी: रोज सकाळी पोहोचलेले तुकडे, उरलेले तुकडे, लॉगने व्यापलेली डिस्क हे तीन आकडे लिहा. वेग हिशेबापेक्षा वीस टक्क्यांनी कमी पडतो आहे असे दिसले तर लॉगची मुदत त्याच दिवशी वाढवा.

## टप्पा ७: क्लाउडमध्येच भरा

भरणारा प्रोग्राम डेटाबेसशेजारच्या सर्व्हरवर चालला पाहिजे. जुन्या जागेवरून ओळ-ओळ इन्सर्ट पाठवले आणि प्रत्येकाला ८० मिलिसेकंद लागले, तर दहा लाख ओळींना २२ तास लागतात. बँडविड्थ तेव्हा जवळजवळ रिकामीच असते.

क्रम असा: तुकड्यांचे एसएचए जुळवा, रिकामी टेबले बनवा, डेटा समांतर भरा, मग प्रायमरी की आणि इंडेक्स, शेवटी फॉरेन की (टेबलांना एकमेकांशी जोडणारे नियम). ट्रिगर (बदल झाला की आपोआप चालणारा कोड) आणि ठरल्या वेळी चालणारे जॉब बंद ठेवा. भरण्यापुरता मोठा सर्व्हर घ्या, नंतर लहान करा. तयार मायग्रेशन साधन वापरत असाल तर ते काय नेत नाही त्याची यादी वाचा. एडब्ल्यूएस डीएमएससारखी साधने दुय्यम इंडेक्स आणि फॉरेन की स्वतःहून आणत नाहीत. इंडेक्स नसताना बदल लागू करायला घेतले तर प्रत्येक अपडेटला अख्खे टेबल चाळले जाऊ शकते.

## टप्पा ८: बदल लागू करा

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये सबस्क्रिप्शन (नव्या डेटाबेसकडून बदल घेणारी जोडणी) तयार करताना आधीचाच स्लॉट द्या आणि डेटा कॉपी करण्याचा पर्याय बंद ठेवा. तो चालू राहिला तर सगळी टेबले अरुंद लाइनवरून पुन्हा येऊ लागतात. मायएसक्यूएलमध्ये ८.०.२० पासून बायनरी लॉगमधले ट्रान्झॅक्शन दाबून पाठवता येतात; ते सुरू करायचे तर टप्पा ३ मध्येच करा.

लॅगचा (नवा डेटाबेस किती मागे आहे याचा) आलेख दर तासाला पाहा. तो उतरतो आहे का, आणि दिवसाच्या गर्दीत वर गेलेला रात्री भरून निघतो का, एवढेच बघायचे. दोन दिवस सपाट राहिला तर अडथळा लाइनचा आहे की लक्ष्याच्या डिस्कचा, ते शोधा. लाइन भरलेली नसताना लॅग वाढत असेल तर बहुधा एखाद्या टेबलाला इंडेक्स नाही.

## टप्पा ९: पडताळा

ओळींची संख्या जुळली म्हणजे डेटा जुळला असे नाही. मोठी टेबले प्रायमरी कीच्या पट्ट्यांत विभागा आणि प्रत्येक पट्टीचा चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) दोन्हीकडे स्थानिकच काढा. लाइनवरून फक्त चेकसम न्या. सतत बदलणाऱ्या पट्ट्या जुळणार नाहीत. त्या कटओव्हरच्या (नव्या डेटाबेसवर जाण्याच्या) वेळी पुन्हा तपासायच्या. दशांश संख्या, तारीख-वेळेचे टाइमझोन आणि देवनागरी मजकूर असलेल्या काही ओळी डोळ्यांनीही बघा. मायएसक्यूएलचा जुना यूटीएफ८ तीनच बाइटांचा आहे, इमोजीला चार लागतात.

## टप्पा १०: कटओव्हर

कटओव्हरच्या दोन-तीन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल (जुना पत्ता इतरांकडे जपला जाण्याची मुदत) कमी करा. मग ठरलेल्या वेळी, याच क्रमाने:

१. जुन्या बाजूचे सगळे शेड्यूल केलेले जॉब थांबवा.
२. लिहिणे बंद करा. मायएसक्यूएलमध्ये 'सुपर रीड ओन्ली' लावा. पोस्टग्रेएसक्यूएलमधली रीड-ओन्ली सेटिंग सेशनला उलटवता येते, म्हणून अ‍ॅप्लिकेशनच्या युजरचा प्रवेशच काढून घ्या आणि जुनी कनेक्शन तोडा.
३. रेप्लिकेशनमध्ये असलेल्या एका खास टेबलात अ‍ॅडमिन युजरने शेवटची खुणेची नोंद टाका आणि ती पलीकडे दिसेपर्यंत थांबा. मायएसक्यूएलमध्ये ही नोंद पायरी २ च्या आधी टाका आणि नंतर दोन्हीकडचे जीटीआयडी जुळवा. लॅगच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका.
४. पोस्टग्रेएसक्यूएलचे सीक्वेन्स (नव्या ओळींना पुढचा क्रमांक देणारे काउंटर) पुढे सरकवा. लॉजिकल रेप्लिकेशन त्यांचे सध्याचे आकडे नेत नाही. विसरलात तर पहिल्याच नव्या नोंदीला डुप्लिकेट कीची एरर येते.
५. राहिलेल्या पट्ट्यांचे चेकसम जुळवा.
६. उलट दिशेचे रेप्लिकेशन सुरू करा, म्हणजे परतीचा मार्ग उघडा राहील. क्लाउडमधून बाहेर येणाऱ्या डेटाला सहसा शुल्क लागते, ते बजेटमध्ये धरा.
७. अ‍ॅप्लिकेशन नव्या पत्त्यावर न्या आणि लिहिणे सुरू करा.

सावधान: सहावी पायरी गाळून सातवी केलीत तर पहिल्या नव्या नोंदीनंतर जुन्या डेटाबेसवर परतताना डेटा गमवावा लागेल. परतायचे की नाही हे कोण ठरवणार आणि किती वाजेपर्यंत, तेही आधीच लिहून ठेवा.

जुना सर्व्हर निदान एक महिनाअखेर उलटेपर्यंत ठेवा, कारण काही जॉब तेव्हाच चालतात. पण जुन्या दिशेचा रेप्लिकेशन स्लॉट लगेच काढा. तो राहिला तर कुणी वाचत नसलेला लॉग साठत जाऊन डिस्क भरते. पडताळणी झाली की ऑब्जेक्ट स्टोरेजमधले तुकडे आणि अर्धवट राहिलेले मल्टिपार्ट अपलोड पुसा. त्यांचे भाडे चालू असते आणि त्यात तुमच्या डेटाबेसची अख्खी प्रत पडलेली असते.